ठरले काय आणि ठरवले कोणी?



‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात. परंतु मालकाची खरी कसोटी लागते ती घर आतून सजवताना. आज हिरवा दिलेला रंग उद्या खरवडायचा. कपाट बसवून झाले, की ते उजेड अडवते म्हणून हलवायचे. अशा मालकाला आपण चंचल म्हणतो आणि मोकळे होतो. आम्हांला हे निदान अपुरे वाटते. मालकाचा निर्णय का होत नाही, आणि झाला तरी का टिकत नाही, हे समजण्यासाठी एका फार मोठ्या मालकाचा इतिहास पाहू. तो मालक म्हणजे ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सचे सरकार, आणि वास्तू म्हणजे सिडनीचे ऑपेरा हाउस.

या वास्तूच्या स्पर्धेत २३३ आराखडे आले. १९५७ च्या जानेवारीत डेन्मार्कचे वास्तुशिल्पी यर्न उत्झोन यांची निवड झाली. मालकाची मागणी अशी होती, की तीनेक हजार माणसांच्या मोठ्या दालनात वाद्यवृंदही वाजावा आणि ऑपेराही व्हावा. आता वाद्यवृंदाचा नाद दालनात थोडा घुमत राहावा लागतो. ऑपेरात शब्द कळावे लागतात, म्हणून घुमणे कमी हवे. शिवाय ऑपेराला देखावे वर ओढून घेण्यासाठी रंगमंचावर उंच पोकळी लागते. ती जागा खुर्च्यांना मिळत नाही. दोहोंत आधी कोण, हे मालकाने निश्चित केले नाही. दोघांनाही ‘हो’ म्हटले. मागण्यांच्या मसुद्यात वीस कलमे घालून सगळीच पहिल्या क्रमांकाची म्हणणारे सभासद आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. सगळेच पहिले म्हणजे काहीच पहिले नाही.

नकाशे पुरे झाले नसतानाच मार्च १९५९ मध्ये काम सुरू करण्यात आले. मुख्यमंत्री जोसेफ केहिल यांना घाई होती. एकदा पाया खणला, की मागून येणाऱ्याला काम थांबवता येणार नाही, हा त्यांचा हिशेब. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते वारले. घाईत उभारलेले खांब छपराच्या वजनाला पुरेनात, तेव्हा ते पुन्हा करावे लागले. १९६५ मध्ये सरकार बदलले. नवे बांधकाममंत्री डेव्हिस ह्यूज यांचे आणि उत्झोन यांचे पैशावरून व आतल्या प्लायवूडच्या कामावरून बिनसले. फेब्रुवारी १९६६ मध्ये उत्झोन निघून गेले.

पीटर हॉल आदी मंडळींनी आतले काम हाती घेतले, तेव्हा हॉल यांनी मूळ प्रश्न पुन्हा विचारला : हे दालन नक्की कोणासाठी? तेथील नभोवाणी संस्थेचा वाद्यवृंद दालनाचा मुख्य वापर करणार होता. तिने २८०० खुर्च्या मागितल्या. अखेर १९६७ मध्ये ठरले, की मोठे दालन केवळ संगीताचे. ऑपेराने लहान दालनात जावे. मोठ्या दालनात बसवलेली रंगमंचाची यंत्रसामग्री उखडण्यात आली. लहान दालनातला वादकांचा खड्डा तर इतका अडचणीचा झाला, की ती कुरकुर पुढे कित्येक वर्षे चालू राहिली. आमच्या मते १९६७ चा निर्णय चुकीचा नव्हता. तो पहिलाच खरा निर्णय होता. फक्त दहा वर्षे उशिराचा.

त्याची किंमत कोणी दिली? अंदाज होता ७० लक्ष डॉलरचा. २० ऑक्टोबर १९७३ रोजी उद्घाटन झाले तोवर खर्च १० कोटी २० लक्षांवर गेला. पैसा बहुतेक सोडतीतून उभा राहिला. परंतु स्वतः जोडलेले यंत्र उखडलेले पाहणाऱ्या कारागिराचे दुःख कोणत्या सोडतीतून भरून निघणार? १९७२ मध्ये कामावरून काढण्याच्या तंट्यातून याच वास्तूत रंगमंचाची यंत्रे बसवणाऱ्या कामगारांनी काही आठवडे काम स्वतःच्या हाती घेऊन चालवले. मुकादम त्यांनी आपल्यातूनच निवडले. हुकूम कोणाचा, याविषयी निदान तेवढे दिवस कोणाला शंका नव्हती.

यावरून घर सजवणाऱ्याने घ्यावयाचा धडा साधा आहे. मालकाला रंग विचारण्याआधी विचारावे : या खोलीत कोण बसणार आणि काय करणार? दोन इच्छा भांडत असतील, तर त्यांचे भांडण कागदावरच सोडवावे, भिंतीवर नव्हे. घरात शेवटचा शब्द कोणाचा, ते एक नाव आधी ठरवावे. ठरलेले तारखेसह लिहून सही घ्यावी, आणि बदल केल्यास काय मोडेल व मजुरी किती वाढेल, तेही तेथेच लिहावे. बदलाला बंदी नको. पण त्याचा हिशेब उघडा हवा. आम्ही गिरणीच्या दारात जे करार केले, त्यांतले टिकले ते याच रीतीने. तोंडी आश्वासने पाळी बदलायच्या आत विरली.

सिडनीकरांनाही अखेर हे पटले. १९९९ मध्ये त्यांनी उत्झोन यांना पुन्हा सल्लागार नेमले, आणि पुढे कोणी बदल करू म्हटल्यास कोणत्या तत्त्वांना धरून करावा, हे त्यांच्याकडून २००२ मध्ये लिहून घेतले. २००८ मध्ये उत्झोन वारले. पुरी झालेली आपली वास्तू त्यांनी प्रत्यक्ष कधीच पाहिली नाही. मालकाने वेळेवर मन निश्चित केले नाही, तर करणाऱ्याच्या वाट्याला काय येते, हे सांगण्यास एवढे पुरे आहे.