तिजोरी उघडणारा देव आणि घामाचे दाम

मार्गशीर्ष लागला की आम्हा सटाणेकरांना यात्रेचे वेध लागतात. आरम नदीच्या काठचे पाळणे, गोडीशेवेची दुकाने आणि देवमामलेदारांचा रथ. लहानपणी मी आजीला विचारले होते, "मामलेदार देव कसा झाला गं?" ती म्हणाली, "त्यानं सरकारची तिजोरी उघडली, म्हणून."

यशवंत महादेव भोसेकर हे इंग्रजी अमदानीतले बागलाणचे मामलेदार. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिन्यातला पैसा उपाशी रयतेला वाटला. पुढे तपासणी झाली तेव्हा खजिन्यात एक पैही कमी भरली नाही, अशी आख्यायिका आहे. १८८७ साली ते वारले. यात्रा मात्र आजही भरते. सारा वसूल करणारा अधिकारी देव व्हावा, यात रयतेची सरकारकडून काय अपेक्षा होती ते दिसते. वरच्याने कणव दाखवावी, खालच्याने हात जोडावेत.

श्रोतेहो, याच गावात जानेवारी १९८२ मध्ये शेतकरी संघटनेचे पहिले अधिवेशन भरले. त्याआधी १९८० साली चाकणला कांद्याचे आंदोलन झाले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात ऊस आणि कांद्याच्या भावासाठी लोक रस्त्यावर आणि रुळांवर उतरले. खेरवाडीला गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. शरद जोशी सांगत होते, शेतकऱ्याचे कर्ज हा नशिबाचा फेरा नव्हे, शेतमालाचा भाव पाडणाऱ्या धोरणाचे ते फळ आहे. "भीक नको, हवे घामाचे दाम" ही घोषणा मीही बिल्ला लावून घसा बसेपर्यंत दिली. देवमामलेदारांच्या गावात कोणी दयेऐवजी हिशेब मागत होते.

मग तो जुना साचा मोडला का?

१९९८ साली कांदा महागला आणि दिल्लीतले सरकार गेले. तो धडा साऱ्याच पक्षांनी गिरवला. डिसेंबर २०१०, सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२०, डिसेंबर २०२३: शहरात कांदा चढला की निर्यात बंद. दिल्लीतली सरकारे बदलली, रीत बदलली नाही. शहरातल्या गरिबालाही कांदा परवडला पाहिजे, हे खरेच. पण त्याची किंमत दर वेळी शेतकऱ्यानेच का मोजावी? आणि भाव कोसळला की पुन्हा तिजोरी उघडते. २०२३ च्या सुरुवातीला तसेच झाले. राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केले.

त्या अनुदानाचा अर्ज माझ्या धाकट्या भावासाठी मीच भरला. सातबारा, पीकपेऱ्याची नोंद, बाजार समितीची पावती, सारे जोडले. पहिला हप्ता जमा झाला तेव्हा आम्हा दोघांना आनंद झाला, हे मी लपवणार नाही. नंतर कपाटात तो जुना बिल्ला दिसला आणि मी खाली मान घातली.

२०२४ च्या लोकसभेला, बागलाण ज्यात येते त्या धुळे मतदारसंघात, सत्ताधारी पक्ष निसटत्या मतांनी हरला. कांद्याचा राग त्यात होताच. जुलैपासून लाडक्या बहिणींसाठी महिना १,५०० रुपयांची योजना सुरू झाली आणि नोव्हेंबरात विधानसभेला त्याच पक्षाचा उमेदवार बागलाणातून मोठ्या फरकाने निवडून आला. एकाच कारणाने निकाल फिरला असे मी म्हणणार नाही. पण घामाच्या दामाचा प्रश्न दोन्ही निकालांनंतर जागच्या जागीच राहिला.

यात्रेत मी आजही रथापुढे हात जोडतो. भोसेकरांनी नोकरी पणाला लावली होती. ती कणव खोटी नव्हती. मात्र नातवाने आजीला विचारलेला तो प्रश्न मला विचारला, तर मी उत्तरात थोडी भर घालीन. मामलेदाराने तिजोरी उघडली, बाळा. पण तीत पैसा होता तो याच शिवारातल्या शेतकऱ्यांनी भरलेल्या साऱ्याचा.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)