केतेवानचे नाव खिडकीने सांगितले

जुन्या गोव्यातील संत ऑगस्टिन मठाच्या अवशेषांत मिळालेले हाड जॉर्जियाच्या केतेवान राणीचे आहे, हे ‘डीएनएने सिद्ध झाले’ असे सर्रास सांगितले जाते. पडक्या इमारतीला पुरावा म्हणून फारशी किंमत नाही, निकाल लागला तो हैदराबादच्या सीसीएमबी प्रयोगशाळेत, असा हा पूर्वपक्ष. तो टिकत नाही.

तपासला गेला तो आईकडून मुलांकडे येणारा मायटोकाँड्रियल डीएनए. तो एका व्यक्तीची नव्हे, मातृवंशाची ओळख देतो. या हाडाचा वंशगट ‘यू१बी’ निघाला. भारतातल्या 22 हजारांहून अधिक नमुन्यांत तो आढळला नाही, जॉर्जियातल्या 30 पैकी दोघांत आढळला. यावरून हाड परक्या मुलखातले ठरते. राणीचे ठरत नाही. संशोधकांनीही ‘बहुधा’ एवढेच म्हटले, तेही पुरातत्त्व आणि कागदपत्रांशी मेळ बसतो म्हणून.

मग नाव आले कुठून? 1624 मध्ये इराणमधल्या शिराझला तिथल्या शाह अब्बासने केतेवानला हालहाल करून मारले. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष गोव्यात आणले. मठाच्या चॅप्टर चॅपेलमध्ये, वेदीकडे तोंड केल्यावर उजव्या हाताच्या दुसऱ्या खिडकीत, दगडी पेटीत ते ठेवल्याची नोंद पोर्तुगीज कागदपत्रांत आहे. 1835 मध्ये मठ ओस पडला, 1842 मध्ये चर्चचे छत कोसळले. तरी भिंतींची आखणी जांभ्यात शाबूत राहिली. म्हणूनच 2004 मध्ये पुरातत्त्व खात्याला चॅपेल ओळखता आले, खिडकी मोजून काढता आली.

यावर आक्षेप येईल की हाड पेटीबाहेर, ढिगाऱ्यात मिळाले. शिवाय तिथल्या इतर हाडांचे वंशगट वेगळे निघाले. आक्षेप रास्त आहे. नुसत्या जागेवरून हाडे वेगळी करता आली नसती, ते काम डीएनएने चोख केले. पण कोणाचे हाड शोधायचे, हे जागेनेच सांगितले होते. जागा नसती, तर ‘यू१बी’ हा निनावी परदेशी माणसाचा अवशेष ठरला असता.

या वादाला व्यवहारी बाजूही आहे. अवशेषांचा एक भाग 2021 मध्ये जॉर्जियाला दिला गेला. हाड नेता येते, जागा नेता येत नाही. पर्यटकांच्या नजरा आणि कॅमेरे मठाच्या चर्चच्या 46 मीटर उंच मनोऱ्यावरच खिळतात. राणीचा पुरावा मात्र त्याच आवारातल्या ठेंगण्या भिंतींत आहे. जतनात त्यांचा मान मनोऱ्याइतकाच असला पाहिजे.