झडपेवरील शस्त्रक्रिया : बोटापासून यंत्रहस्तापर्यंत

हृदयाच्या झडपांवरील शस्त्रक्रियेचा इतिहास बहुधा उपकरणांच्या क्रमाने सांगितला जातो. शल्यविशारदाच्या स्पर्शाच्या अंगाने पाहिल्यास तो निराळा दिसतो. १९२५ साली लंडनमध्ये हेन्री सौटर यांनी एका मुलीच्या स्पंदत्या हृदयात तर्जनी घालून अरुंद झालेली द्विदल झडप मोकळी केली. मुलगी वाचली, तथापि त्यानंतर या कामासाठी त्यांच्याकडे एकही रोगी पाठविण्यात आला नाही. फिलाडेल्फियाचे चार्ल्स बेली यांनी चार रोगी गमावले. पाचवी रुग्ण १९४८ साली वाचली, आणि तेव्हा कोठे ही वाट रुळली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९५० नंतरच्या दशकात हृदयशस्त्रक्रियेचा पाया घातला.

मे १९९८ मध्ये पॅरिस येथे आलँ कार्पांतिए यांनी यंत्रमानवाच्या साहाय्याने द्विदल झडप दुरुस्त केली. ‘रोबोट’ हा शब्द १९२० च्या कारेल चापेक यांच्या नाटकातला. त्याचे मूळ चेक ‘रोबोता’, म्हणजे वेठ. जी वेठ करवीर संस्थानात शाहू छत्रपतींनी बंद केली, तिचेच नाव शस्त्रक्रियागारात मानाने शिरले, ही गंमत खरी; पण नाव अन्वर्थक आहे. हे यंत्र स्वतः काहीच ठरवीत नाही, शल्यविशारदाच्या हाताची हालचाल तेवढी पार पाडते.

मात्र सुरुवातीच्या यंत्रांत बोटाचा स्पर्श हरपला. त्याची भरपाई मुख्यतः दृष्टीने झाली: विवर्धित त्रिमितीय दृश्य, आणि अन्ननलिकेतून घेतलेले ध्वनिचित्र. दुरुस्तीनंतर हृदय पुन्हा चालू होताच गळती उरली आहे काय, हे टेबलावरच कळते. उरली असल्यास दुरुस्ती पुन्हा करता येते. परिणाम सुधारण्यात यंत्राच्या बाहूंपेक्षा या तपासणीचा आणि शस्त्रक्रियांच्या सातत्याचा वाटा कमी मानता येणार नाही.

येथेच तुलनेचा प्रश्न उपस्थित होतो. पाश्चात्त्य रुग्णालयांत यंत्राने दुरुस्त होणारी झडप बहुधा झिजून सैल झालेली असते. आपल्याकडे घशाच्या संसर्गामागून येणाऱ्या संधिवातज्वराने ती जाड, कठीण आणि कडांशी चिकटलेली असते. पुष्कळदा ती बदलावीच लागते. म्हणून तिकडील यशाचे आकडे इकडे जसेच्या तसे लावणे शास्त्रीय नव्हे. धातूची झडप बसविलेल्या रुग्णास रक्त पातळ ठेवणारे औषध आजन्म घ्यावे लागते आणि रक्ततपासणी वारंवार करावी लागते. गगनबावड्याच्या वाडीवरील स्त्रीच्या बाबतीत छेद किती लहान होता यापेक्षा ही तपासणी तिला कोठे मिळते, आणि लहानपणी ज्वर आला तेव्हा दर तीन-चार आठवड्यांची पेनिसिलिनची सुई तिला मिळत राहिली होती काय, या नोंदी परिणामांच्या तक्त्यात आधी यावयास हव्यात.