दोरी, खुंटी आणि कंपासपेटी

आजच्या भागासाठी दोनच वस्तू जवळ ठेवा : हातभर सुतळी आणि दोन खिळे. कंपासपेटी नसली तरी चालेल.

हे मुद्दाम सांगतो आहे. सहावीत असताना माझ्याकडे कंपासपेटी नव्हती, म्हणून भूमितीच्या तासाला मी वर्गाबाहेर उभा असे. त्यामुळे वर्तुळ म्हणजे विकत घ्यायची वस्तू, अशी माझी समजूत झाली. वडील गवंडी होते. एका रविवारी त्यांनी मला कामावर नेलं, जमिनीत खिळा ठोकला, त्याला सुतळी बांधली आणि दुसऱ्या टोकाला खडू धरून फिरवायला सांगितलं. विहिरीच्या कठड्याचं वर्तुळ मी आखलं. त्रिज्या म्हणजे काय, हे मला त्या दिवशी हाताला कळलं.

पुढे इतिहास शिकताना शुल्बसूत्रं वाचली आणि वडिलांची सुतळी किती जुनी आहे ते उमगलं. 'शुल्ब' म्हणजेच दोरी. बौधायन, आपस्तंब, मानव आणि कात्यायन यांची शुल्बसूत्रं प्रसिद्ध आहेत. त्यातलं बौधायनाचं सर्वांत जुनं; अभ्यासक त्याचा काळ साधारण इ.स.पू. ८०० ते ५०० मानतात. विटांच्या यज्ञवेदी कशा आखायच्या, हा या ग्रंथांचा विषय. माप अंगुळांत, बौधायन सांगतो, चौतीस तीळ एकाशेजारी एक ठेवले की एक अंगुळ.

कात्यायनाची एक कृती तुम्हीही अंगणात करून पाहा. सपाट जमिनीवर एक काठी उभी रोवा. काठीच्या उंचीएवढी दोरी घेऊन तिच्याभोवती वर्तुळ काढा. सकाळी काठीच्या सावलीचं टोक वर्तुळाला जिथे टेकेल तिथे खुंटी, दुपारनंतर पुन्हा टेकेल तिथे दुसरी. दोन्ही जोडा : ही पूर्व-पश्चिम रेषा. आता या अंतरापेक्षा लांब दोरी घेऊन तिच्या दोन्ही टोकांचे फास दोन खुंट्यांत अडकवा. दोरी बरोबर मध्यावर धरून दक्षिणेकडे ताणा, खूण करा. मग उत्तरेकडे ताणा, खूण करा. या दोन खुणा जोडल्या की दक्षिणोत्तर रेषा मिळते आणि काटकोनही. गुण्या लागला नाही, कोनमापकही नाही.

बौधायनाने आयताच्या कर्णाचा नियमही सांगितला आहे : दोन बाजूंवरचे चौरस मिळून जेवढं क्षेत्र होतं, तेवढं एकट्या कर्णावरच्या चौरसाचं. चौरसाच्या कर्णासाठी त्याने दिलेला अपूर्णांक ५७७/४०८ एवढा येतो, म्हणजे १.४१४२१५... खरी किंमत १.४१४२१३... पाच दशांश स्थळं तंतोतंत!

इथे एक सावधगिरी. 'हे आधी फक्त आपल्यालाच ठाऊक होतं' असं मी म्हणणार नाही. मेसोपोटेमियाच्या मातीच्या पाट्यांवर काटकोन त्रिकोणाच्या संख्या याहून जुन्या आहेत. शुल्बसूत्रांत युक्लिडसारखी सिद्धताही नाही. त्यांचं मोठेपण वेगळं आहे : आकार बदलला तरी क्षेत्रफळ तेच कसं ठेवायचं, हे त्यांनी दोरीने करून दाखवलं. १९७५ साली केरळमधल्या पांजाळ गावी नंबुदिरींनी अग्निचयन केलं, तेव्हाही पक्ष्याच्या आकाराची वेदी विटांनीच रचली होती.

मात्र ही विद्या फक्त यज्ञवेदीपाशी राहिली नाही. मेवाडच्या राणा कुंभाचा स्थपती मंडन 'सूत्रधार' म्हणवला जाई. सूत्रधार म्हणजे सूत धरणारा, दोरी ताणणारा. आजही गवंडी पाया आखताना दोरीवर तीन, चार आणि पाच अशी मापं घेऊन काटकोन काढतो आणि 'भिंत गुण्यात आहे' म्हणतो. त्याच्या हातातलं हे गणित आपण शाळेत कधी मोजलंच नाही.

म्हणून शिक्षक आणि पालकांना माझी एक विनंती. लहान मुलांना वर्तुळ, चौरस, त्रिकोण शिकवताना पहिला तास मैदानावर घ्या. दोरी प्रत्येकाच्या हातात द्या. कंपासपेटी नंतर आली तरी चालेल, पण तिच्याअभावी कुणी दाराबाहेर उभं राहता कामा नये.

वडील आता नाहीत. त्यांचा ओळंबा आणि सुतळीचा गुंडा माझ्या टेबलावर आहे. पुढच्या भागात याच दोरीने शेतं कशी मोजत, ते पाहू.