नामाचा अर्थ आणि नामाचे मूळ : बायबलमधील व्यक्तिनामांविषयी

सर्व नामे धातूंपासूनच उत्पन्न झाली काय, या प्रश्नावर शाकटायन आणि गार्ग्य यांच्यात मतभेद होता, अशी नोंद यास्काच्या निरुक्तात आढळते. हिब्रू धर्मग्रंथातील व्यक्तिनामांचा विचार करताना हाच प्रश्न निराळ्या स्वरूपात उपस्थित होतो. ग्रंथाने नामाचा हिब्रू अर्थ सांगितला म्हणजे त्या नामाचे मूळही हिब्रूच ठरते काय?

‘निर्गम’ या ग्रंथात (2:10) फारोची कन्या बालकास पाण्यातून काढल्यामुळे ‘मोशे’ हे नाव देते. हा संबंध ‘बाहेर काढणे’ या अर्थाच्या ‘माशा’ या हिब्रू धातूशी जोडलेला आहे. परंतु व्याकरणदृष्ट्या ‘मोशे’ हे कर्तरी रूप असून त्याचा अर्थ ‘काढणारा’ असा होतो. ‘काढलेला’ असा नव्हे. शिवाय इजिप्तच्या राजकन्येने हिब्रू धातूवर श्लेष साधावा, हेही नवलाचेच. थुतमोस, रामसेस या नामांतील ‘जन्मलेला’ या अर्थाचा इजिप्शियन घटक येथे असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. या मतावरही आक्षेप आहे : ‘रामसेस’चा ‘स’ हिब्रूत ‘स’च राहतो, ‘मोशे’मध्ये मात्र ‘श’ आढळतो. मोशेच्याच घराण्यातील ‘पीनहास’ हे नाव इजिप्शियन असल्याविषयी मात्र फारसा वाद नाही.

शमुवेलाचे उदाहरण अधिक बोलके आहे. हन्ना म्हणते की, हा पुत्र आपण परमेश्वराजवळ मागितला. ‘मागणे’ या अर्थाचा ‘शाअल’ हा धातू ‘शमुवेल’मध्ये नाही, तो ‘शौल’ या राजनामात आहे. त्यामुळे ही जन्मकथा मूळची शौलाची असावी, असा तर्क करण्यात आला. तर्क मान्य असो वा नसो, दोन्ही नामे हिब्रू असूनही कथेतील निर्वचन भाषाशास्त्राशी जुळत नाही, एवढे निश्चित.

मत्तयाच्या शुभवर्तमानात (1:21) प्रश्न उलट बाजूने समोर येतो. तो आपल्या लोकांना पापांपासून तारील म्हणून त्याचे नाव येशू ठेवावे, हे ग्रीक वाक्य ‘येशूआ’चा ‘तारण’वाचक हिब्रू धातू ठाऊक असल्यावाचून उलगडत नाही. तेवढ्यावरून मूळ शुभवर्तमान हिब्रूत होते, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. अलेक्झांड्रियाच्या फिलोने ग्रीकमध्येच लिहिताना यहोशवाच्या नामाचा अर्थ ‘प्रभूचे तारण’ असा दिला होता. म्हणजे हिब्रू नामार्थांचे ज्ञान ग्रीकभाषी यहुद्यांतही प्रचलित होते.

कोकणातील बेने इस्राएलांचे उदाहरण या विवेचनास पूरक आहे. 1796 मध्ये मुंबईत सिनेगॉग उभारणारे शमुवेल यहेज्केल दिवेकर समाजी हसाजी दिवेकर या नावाने ओळखले जात. ‘शमुवेल’मधील ईश्वरवाचक ‘एल’ गळून तेथे मराठी ‘जी’ आला; धात्वर्थ लोपला, तरी नामाची परंपरा खंडित झाली नाही.

तात्पर्य, नामाची व्युत्पत्ती आणि नामाची कथा हे दोन स्वतंत्र इतिहास आहेत. पहिला शब्द कोठून आला ते सांगतो. दुसरा त्या शब्दाला आपलासा करणाऱ्या समाजाविषयी सांगतो. कथेतील निर्वचन व्युत्पत्तीचा पुरावा म्हणून लंगडे पडले, तरी समाजाच्या आत्मप्रतिमेचा पुरावा म्हणून ते पूर्ण समर्थ असते.