सोजर्नर ट्रुथची तकरीर : दोन रिवायती

अमेरिकेतील स्त्री-हक्कांच्या चळवळीत सोजर्नर ट्रुथचे १८५१ चे भाषण फार गाजले. 'मी बाई नाही का?' हा त्यातला सवाल वक्तृत्व स्पर्धांत आजही टाळ्या घेतो. आम्ही शिक्षकही तो मुलींकडून पाठ करवून घेतो. पण तो सवाल तिने खरोखर केला होता का?

ट्रुथ १७९७ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यात गुलाम म्हणून जन्मली. नाव इसाबेला, मायबोली डच. लिहिता-वाचता येत नव्हते. दक्षिणेत बेकायदा विकला गेलेला आपला मुलगा तिने कोर्टात दाद मागून १८२८ मध्ये परत मिळवला. नवे नाव घेतले ते १८४३ मध्ये. मे १८५१ मध्ये ओहायोतील ॲक्रन येथे स्त्री-हक्क परिषदेत ती बोलायला उभी राहिली.

ती काय बोलली याच्या दोन प्रमुख रिवायती आहेत. पहिली मॅरियस रॉबिन्सनची. तो परिषदेचा चिटणीस, शिवाय गुलामीविरोधी वृत्तपत्राचा संपादक. त्याने २१ जून १८५१ च्या अंकात, म्हणजे महिन्याच्या आत, भाषण छापले. दुसरी रिवायत अध्यक्षस्थानी असलेल्या फ्रान्सिस गेज यांची. ती तब्बल बारा वर्षांनी, एप्रिल १८६३ मध्ये आली. तो सवाल फक्त दुसरीत आहे, आणि एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. रिवायत ऐकली की रावी कोण, हे आधी पाहण्याची सवय आपल्या वाचकांना आहे. ती इथे लावलीच पाहिजे. गेजबाईंनी ट्रुथच्या तोंडी दक्षिणेतल्या गुलामांची बोली घातली, ती तर डच बोलत वाढलेली उत्तरेची बाई. तिला तेरा मुले झाल्याचे लिहिले, होती पाच. नेल पेंटर या इतिहासकार बाईंनी १९९६ च्या आपल्या चरित्रग्रंथात हा घोळ उलगडून दाखवला आहे.

आता रॉबिन्सनची प्रत वाचा. घोषणा नाही, पालुपद नाही, तरी एकेक युक्तिवाद बिनतोड. आरंभी ती चार शब्द बोलायची परवानगी मागते. मग पुरावा म्हणून स्वतःचे शरीर पुढे करते : नांगरले, कापणी केली, लाकडे फोडली, कोणता पुरुष याहून जास्त करतो? मिळाले तर पुरुषाइतके खाऊही शकते, असे मध्येच हळूच सांगते. त्या 'मिळाले तर'मध्ये सगळी गुलामी येते!

अकलेचा प्रश्न ती स्वयंपाकघरातल्या मापांनी सोडवते. पुरुषाची अक्कल मापटेभर आणि बाईची चिपटेभर असेल, तर तिचे चिपटे तरी भरू द्या. चिपट्यात मावेल त्याहून जास्त ती घेणार कशी? प्रतिपक्षाचे म्हणणे वादापुरते मान्य करून त्याच्यावरच उलटवण्याची ही रीत आमच्या मते भाषणाचा कळस आहे. एवढी साधी उपमा विद्यापीठात शिकून सुचत नाही.

पुढे हव्वेचा विषय येतो. कुरआनात चूक दोघांचीही आहे. समोरच्या ख्रिस्ती श्रोत्यांना मात्र ठपका हव्वेवर ठेवायची सवय होती. ट्रुथ तो ठपका नाकारत बसत नाही. एका बाईने जग उलटे केले म्हणता ना, मग ते पुन्हा सुलटे करायची संधीही तिला द्या, एवढेच म्हणते. हजरत ईसांच्या जन्मात पुरुषाचा वाटा कोणता, हेही विचारते. शेवटी पुरुषांची चक्क कीव करते : एकीकडून गुलाम, दुसरीकडून बाई, बिचारे दोन शिकारी पक्ष्यांच्या कचाट्यात सापडले आहेत!

गेजबाईंच्या प्रतीत नाट्य जास्त आहे, म्हणून ती पुस्तकांत गेली. तिथे ट्रुथ मुख्यतः सोसलेली बाई दिसते. रॉबिन्सनच्या प्रतीत ती वाद घालणारी, हसवणारी, हिशेब मागणारी बाई आहे. त्यालाही आपले लेखन अपुरे वाटले होते. तिची धिप्पाड आकृती, तिचे हातवारे आणि तो सच्चा, खणखणीत आवाज ज्यांनी अनुभवला त्यांनाच भाषणाचा परिणाम कळेल, असे त्याने छापतानाच नमूद केले आहे.