मनोऱ्यातला न दिसणारा वादक

मुंबईचा राजाबाई मनोरा आपण पाहिला असेल. 1878 साली तो बांधून पुरा झाला. तिथल्या घड्याळाला जोडलेल्या घंटांवर एकेकाळी सुरावटी वाजत. त्या यंत्र वाजवी. पण सुरात लावलेल्या निदान 23 घंटा जेव्हा एकटा माणूस हातापायांनी वाजवतो, तेव्हा त्या वाद्याला कॅरिलन म्हणतात. बेल्जियम आणि हॉलंड हे त्याचं माहेर.

वादक मनोऱ्यात उंचावर एका खोलीत बसतो. समोर लाकडी दांड्यांच्या रांगा. त्या मिटलेल्या मुठीनं दाबायच्या. जड घंटांसाठी पाय वापरायचे. दांडी दाबली की तार ओढली जाते आणि घंटेतला लोळा तिच्यावर आदळतो. घंटा मात्र जागची हलत नाही.

या वाद्याला श्रोता मिळवून दिला तो येफ डेनाइन यांनी. बेल्जियममधल्या मेखेलेन गावात 1862 साली त्यांचा जन्म झाला. वडील अडोल्फ तिथल्या संत रोम्बाउट चर्चच्या मनोऱ्यातले नगरवादक. वडिलांची दृष्टी गेली आणि 1881 पासून मुलगा त्यांच्या जागी वाजवू लागला. 1887 मध्ये ते पद रीतसर त्याच्याकडे आलं.

शतकानुशतकं घंटेचं काम हुकूम देण्याचं होतं. तास झाला, आग लागली, वेशीचे दरवाजे बंद होताहेत! सूर कानावर पडत, पण ते ऐकायला म्हणून कुणी थांबत नसे. डेनाइन यांनी दोन गोष्टी केल्या. तारांची आणि दांड्यांची रचना सुधारून त्यांनी वाद्य हाताला हलकं केलं. त्यामुळे अजस्र घंटांमधूनही हळुवार, थरथरता स्वर काढता येऊ लागला. आणि 1892 पासून त्यांनी सोमवारच्या संध्याकाळी मैफली सुरू केल्या. दिवसाचा गलबला ओसरलेला असे आणि मनोऱ्याच्या पायथ्याशी हजारो माणसं जमत. तिकीट नाही, दारावर कुणी अडवणारं नाही. आजारी माणसालाही अंथरुणावरून ऐकता येई.

मी कवी. मुशायऱ्यात समोरच्याचा चेहरा पाहून मी पुढचा शेर निवडतो. दाद मिळाली नाही तर जीव खट्टू होतो. वर एकट्यानं बसून, एकही चेहरा दिसत नसताना, साऱ्या गावासाठी जीव ओतायचा, याला केवढा विश्वास लागत असेल!

1914 साली महायुद्ध पेटलं. मेखेलेनवर तोफा डागल्या गेल्या आणि डेनाइन यांना इंग्लंडमध्ये आसरा घ्यावा लागला. वादकाला गाव सोडावं लागलं की मनोरा मुका होतो, ही या कलेची खरी दुखरी नस. घराण्यात बापाकडून मुलाकडे जाणारी विद्या एका पिढीतही तुटू शकते. परतल्यावर त्यांनी त्यावर उपाय शोधला. 1922 साली मेखेलेनमध्ये कॅरिलनची शाळा निघाली. जगातली ही पहिलीच. अमेरिकेतूनही तिला मदत मिळाली आणि तिथून विद्यार्थीही आले.

1941 साली डेनाइन वारले. शाळा आजही त्यांचं नाव लावते. 2014 मध्ये युनेस्कोनं बेल्जियममधल्या कॅरिलन जतनाच्या कार्याची आदर्श उपक्रम म्हणून नोंद केली. आंधळ्या बापाच्या जागी बसलेल्या त्या मुलानं ही विद्या घराण्याबाहेर नेली, म्हणून ती टिकली.